मधली झाडं

आत्याचा प्रश्न तसा साधाच होता. ऑक्टोबरातली सकाळ, कॅलिफोर्नियातल्या डेल व्हॅले तळ्याच्या पूर्व काठाने जाणारी ईस्ट शोअर ट्रेल, बाबागाडीत गाढ झोपलेली माझी तान्ही लेक. वाटेच्या सुरुवातीच्या सपाट भागातच एका मोठ्या ओकखाली आम्ही सावलीला टेकलो होतो. आत्या कपाळावर आडवा हात धरून समोरच्या उताराकडे बराच वेळ बघत होती. मला वाटलं, उन्हात चमकणारं पाणी बघत असेल, नाहीतर काठावरची ती बगळ्यासारखी मोठी राखाडी पाखरं. थोड्या वेळाने हात खाली घेऊन ती म्हणाली, "सगळी म्हातारीच झाडं हायेत की गं. ह्यांची पोरं कुठं गेली?" मी म्हटलं, असतील गवतात. तिने मान हलवली, पदर खोचला आणि बाबागाडीचा दांडा हातात घेऊन चालू लागली. पण ते वाक्य काही माझ्याबरोबर पुढे आलं नाही, तिथेच उतारावर उभं राहिलं. रात्री लेकीला पाजताना, पहाटे तिला खांद्यावर घेऊन घरात येरझाऱ्या घालताना, डोळ्यांसमोर तोच उतार. सोनेरी गवत, त्यात अंतराअंतराने उभे घेरदार ओक. आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत खरंच काही नाही.

इथल्या मराठी घरांना ही वाट ओळखीची आहे. लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिरात दर्शन घ्यायचं, तिथला प्रसाद खायचा आणि मग माइन्स रोडने डोंगरात शिरायचं. द्राक्षांचे मळे मागे पडतात, रस्ता वळणं घ्यायला लागतो आणि एका चढावरून खाली लांबलचक निळं पाणी दिसतं. पाच मैल लांब आणि अरुंद, दोन्हीकडून टेकड्यांनी धरलेलं. टेकड्या म्हणजे सह्याद्रीसारखे कडे नाहीत. एकीतून दुसरी निघालेली, मऊ पाठीची. पावसाळा इथे हिवाळ्यात येतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं हिरवंगार, मेपासून पिवळं आणि ऑक्टोबरपर्यंत उन्हात वाळून जवळजवळ पांढरं. त्या गवताला उन्हात एक भाजलेला, किंचित गोड वास येतो. पावलाखाली कुरकुरतं ते, आणि मोज्यांत इतकी कुसळं अडकतात की घरी येऊन अर्धा तास ती वेचण्यात जातो. उतारांवर असतो तो ब्लू ओक. बुटका, वाकड्या फांद्यांचा, निळसर राखाडी झाक असलेल्या पानांचा. खाली ओलाव्याला व्हॅली ओक, वडासारखा ऐसपैस. थंड बाजूच्या घळींत बारमाही हिरवा लाइव्ह ओक. तळ्याकाठच्या स्वॉलो बेच्या वाटेवर हे तिन्ही एका तासात भेटतात, आणि मध्ये मध्ये पॉयझन ओकची लाल झालेली पानंही. ते नावाचाच ओक, पण अंगाला लागलं तर आठवडाभर खाज.

आत्याने मात्र झाडांआधी धरणाची चौकशी केली होती. ती अकोले तालुक्यातली, राजूरच्या बाजूची. भंडारदऱ्याचं पाणी दारातून दिसतं, आणि ते प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांच्या उसाला जातं, हे लहानपणापासून बघत आलेली. त्यामुळे पाणी दिसलं की तिचा पहिला प्रश्न, "हे कुणाला जातं?" मी तिला सांगितलं की आपल्यालाच. धरण १९६८ साली झालं. उत्तरेकडच्या ओरोव्हिलच्या धरणापासून जी पाण्याची मोठी सरकारी व्यवस्था आहे, तिच्या साउथ बे कालव्यावरचं हे साठवणीचं तळं. फ्रीमाँट, लिव्हरमोर, प्लेझंटन आणि सॅन होजेच्या बाजूचे नळ या कालव्यावर आहेत. पाणी उतरून उघडा पडलेला मातीचा पट्टा तिने नजरेने मोजला. आमच्याकडे मे महिन्यात असंच दिसतं, म्हणाली. परक्या मुलुखात आल्यापासून तिला पहिल्यांदाच काहीतरी नीट समजलंय असं मला त्या वेळी वाटलं.

आणि मग ती पोरांचं बोलली.

मी वाचायला लागले. बाळंतपणाच्या रजेत रात्री जाग्याच असायच्या. ब्लू ओक जगात फक्त कॅलिफोर्नियातच उगवतो. अतिशय सावकाश वाढतो. दीडशे-दोनशे वर्षांचं झाड म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही, चारशेपर्यंतही जातात. आणि अनेक टेकड्यांवर आत्या म्हणाली तेच चित्र आहे, हे इथल्या अभ्यासकांनी कितीतरी वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलेलं. म्हातारी झाडं आहेत. त्यांच्या खाली बारीक रोपंही असतात, चांगल्या सालात भरपूर असतात. नसतं ते मधलं. माणसाच्या कमरेपासून छपरापर्यंतच्या उंचीचं, मनगटाएवढ्या खोडाचं, उद्या झाड होईल असं. कित्येक उतारांवर ती मधली पिढी जवळजवळ गळून गेली आहे. जुनं झाड पडलं की त्याच्या जागी यायला कुणी तयार नसतं, आणि झाडं इतकी दीर्घायुषी की आपल्या एका जन्मात हे डोळ्यांना कळतसुद्धा नाही. उतार भरलेलाच दिसतो.

कारणं पुष्कळ आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते गवताचं. ते सोनेरी गवत, ज्याच्यापायी या टेकड्यांवर आपण जीव टाकतो, ते इथलं नाहीच. १७६९ पासून स्पॅनिश लोक इथे वस्ती करू लागले, त्यांच्या गुराढोरांबरोबर आणि चाऱ्याबरोबर भूमध्य समुद्राच्या बाजूचं रानटी ओट आणि तसलीच वर्षायू गवतं आली आणि बघता बघता सगळं रान त्यांनी व्यापलं. आधीचं गवत बहुवर्षायू, ठोंबा करून राहणारं, खोल मुळांचं. नवं गवत दर पावसाळ्यात दाट उगवतं, वरच्या मातीतली ओल वसंतातच पिऊन टाकतं आणि मरून जातं. ओकच्या पोराला नेमकी तेव्हाच ती ओल हवी असते. त्यातून जे वाचतं ते गाई खातात, हरणं खातात, वरून टोळ आणि खालून मुळं कुरतडणारे गोफर. पूर्वी इथले मूळ रहिवासी ठरवून, हलक्या हाताने गवताला आग लावत, रान मोकळं ठेवत. १७९३ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर आर्रियागाने हुकूम काढून तेही बंद केलं. पुढे दीडदोनशे वर्षं आग दिसली की विझवायची हेच धोरण. मग २०२० च्या ऑगस्टमध्ये कोरड्या विजा पडून याच डोंगररांगांत जो वणवा पेटला, त्याने सुमारे ३ लाख ९६ हजार एकर खाल्ले. आमच्या घराच्या खिडक्या तेव्हा कितीतरी दिवस बंद होत्या, आणि सकाळी गाडीच्या काचेवर राख असायची.

हे सगळं कळल्यावर ती टेकडी मला नकोशी झाली का? नाही झाली. संध्याकाळी ऊन तिरपं होतं आणि वाऱ्याने गवताची एक लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, तेव्हा अजूनही पोटात हलतं. लेक होण्याआधी आम्ही दोघं फ्रीमाँटच्या मिशन पीकपासून या तळ्यापर्यंत येणारी ओलोनी वाइल्डरनेस ट्रेल चाललो होतो. २८ मैल, परवाना काढून, पाठीवर तंबू घेऊन. रोझ पीकचं माथं ३,८१७ फूट. त्याच्या जवळ मॅगीज हाफ एकर नावाची मुक्कामाची जागा आहे, तिथे रात्र काढली. पहाटे तंबूची चेन उघडली तर खालच्या सगळ्या दऱ्यांत धुकं भरलेलं आणि वर फक्त ब्लू ओकचे घेर. एकेक झाड आपापली जागा धरून उभं. दोन झाडांच्या मधली ती मोकळीक मला तेव्हा फार आवडली होती. किती ऐसपैस, किती निवांत, असं मी म्हटल्याचं आठवतं. आता तीच मोकळीक बघताना डोळा मधलं काहीतरी शोधतो. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी बाळगून चालायची सवय मला अजून लागतेय.

पुढच्या रविवारी आत्यानेच ठरवलं की नीट बघायचं. जावईबापूंच्या हाती बाबागाडी दिली आणि एका ब्लू ओकच्या घेराखाली ती सरळ मांडी घालून बसली. सापाची भीती मी दोनदा बोलून दाखवली, तर म्हणाली, रान काही तुझ्या अमेरिकेतच असतं का. दोन्ही हातांनी गवत बाजूला सारत गेली आणि सापडली तिला. वीतभरही नाहीत, चार-पाच पानांची, कडा कातडी झालेली. एका रोपाचा शेंडा खुडलेला, त्याच्या खालून फुटलेला, तोही खुडलेला. बुंधा मात्र काडीपेक्षा जाड. तिने तो चिमटीत धरून बघितला. "हे ह्या वर्षाचं नाही. कधीचं हाय हे. दरसाल उठतंय आणि दरसाल कुणी तरी खातंय." मी वाचलेलंही तेच होतं. अशी रोपं वर्षानुवर्षं त्याच उंचीवर जीव धरून राहतात, वर काही जमत नाही म्हणून मूळ तेवढं खाली नेत राहतात. पण तिने वाचलं नव्हतं. तिला बुंध्यावरून कळलं.

मग तिने पडलेलं एक ॲकॉर्न, म्हणजे ओकचं फळ, उचललं. लांबुडकं, टोकदार, डोक्यावर खवल्यांची टोपी. दातांनी फोडलं, आतला पिवळसर गर चाखला आणि तोंड वाकडं करून थुंकलं. "तुरट. हिरड्यासारखं." तिच्या गावाकडे डोंगरातून बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकतात. किती घरांचं त्या दिवसांतलं मीठमिरची त्याच्यावर चालतं. म्हणून तो तुरटपणा तिच्या जिभेला शंभरांत ओळखू येतो. दोन्हींतलं तुरट द्रव्य एकच, टॅनिन. आणि या तुरट फळावर इथली माणसं हजारो वर्षं जगली. इथल्या मूळच्या ओलोनी लोकांतल्या बायका ॲकॉर्न वाळवत, दगडी उखळात कुटत, पिठावर पुन्हा पुन्हा पाणी ओतून सगळा तुरटपणा काढून टाकत. मग पाणी न गळणाऱ्या घट्ट विणीच्या टोपल्यांत ते पीठ घेऊन तापलेले दगड आत सोडायचे आणि त्याची पेज शिजवायची. १७९७ मध्ये आमच्याच फ्रीमाँटमध्ये मिशन सॅन होजे उभं राहिलं आणि या खोऱ्यांतली माणसं तिथे नेली गेली. मेलीही फार, बहुतेक रोगराईने. पण संपली नाहीत. बर्कलीत व्हिन्सेंट मेदिना आणि लुई त्रेविनो हे दोघं ओलोनी आपल्या पूर्वजांचं जेवण आज पुन्हा लोकांना वाढतात, आणि त्यात ॲकॉर्न असतंच. आत्याला यातलं कुटण्याचं आणि धुण्याचं फार पटलं. "कडूकंद पण असाच," म्हणाली. "उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवला तर खायचा. नाहीतर घसा धरतो." तळ्याकाठी बसून ती कितीतरी वेळ, दुष्काळाच्या साली तिच्या आजीने रानातून काय काय आणून शिजवलं, ते सांगत होती. त्यातलं अर्धं मी याआधी कधीही ऐकलेलं नव्हतं.

परतताना वाटेवर व्हॅली ओकच्या फांदीला लिंबाएवढे गोळे लागलेले दिसले. काही हिरवट, काही वाळून तपकिरी. ते फळ नव्हे. एक बारीकशी, गांधीलमाशीच्या कुळातली माशी ओकच्या कोवळ्या डिरीत अंडी घालते आणि झाड त्या अळीभोवती असा गोळा वाढवतं. अळीला घर आणि अन्न दोन्ही. खाली पडलेल्या एकाला बारीक भोक होतं, माशी निघून गेल्याचं. आत्याने ते भोक बघितलं आणि थबकली. "अगं, हे तर मायफळाचं." घरी आल्यावर तिने कपाटातून गुटीचा डबा काढला. येताना ती घेऊन आली होती. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, सागरगोटा, बाळहिरडा, सगळं वेगवेगळ्या पुडीत, आणि छोटी सहाण. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही असं बजावलं होतं. आत्याने त्यावर वाद घातला नव्हता, डबा मुकाट्याने कपाटात ठेवून दिला होता. त्या मुकाट्याचं मला डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा जास्त ओझं व्हायचं. आता तिने मायफळ माझ्या तळहातावर ठेवलं. कठीण, राखाडी, अंगावर बारीक उंचवटे. इराण-तुर्कस्तानाकडच्या एका ओकवरची ती तसलीच गाठ, तसल्याच माशीमुळे आलेली. चांगलं मायफळ बिनभोकाचं, माशी उडायच्या आत तोडलेलं, हे तिला गावच्या काष्ठौषधीच्या दुकानदाराने शिकवलं होतं. मी जन्मल्यापासून मला याचे वळसे उगाळून दिलेले. म्हणजे मी या मुलुखात येण्याच्या कितीतरी आधी ओक माझ्या पोटात गेला होता, आत्याच्याच हाताने. तो डबा आता आमच्या दिवाणखान्यात असतो. लेकीला गुटी दिली नाही, पण प्रत्येक पुडीवर आत्याकडून नाव लिहून घेतलंय.

तळ्याकडच्या सुतार पक्ष्यांवर तर तिचा जीवच जडला होता. लाल टोपीचे, डोळा पांढरा, ओरडणं कर्कश. झाडाच्या वाळल्या खोडात हजारो भोकं पाडून प्रत्येकात एकेक ॲकॉर्न ठोकून बसवतात. ॲकॉर्न वाळून सैल झालं की काढून लहान भोकात हलवतात. ही कोठारं एकट्यादुकट्याची नसतात, कुटुंबाची असतात. मोठी झालेली पिल्लं लगेच उडून जात नाहीत, वर्षानुवर्षं थांबून धाकट्यांना भरवतात. कार्मेल व्हॅलीतल्या हेस्टिंग्ज अभयारण्यात यांच्या कुटुंबांचा अभ्यास पन्नासहून जास्त वर्षं चालू आहे. मी हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "म्हणजे ह्यांच्यातही आत्या असतात." आणि लेकीचं टोपडं सारखं करून पुढे गेली.

जायच्या आधीच्या आठवड्यात, भांडी आवरताना, तिने गावाचं काढलं. आपल्या वाडीत पण आता तसंच झालंय, म्हणाली. ओट्यावर म्हातारी बसलेली. अंगणात नातवंडं. मधलं कुणी नाही. कुणी नारायणगावला मजुरीला, कुणी संगमनेर, कुणी नाशिक. पाऊस पडला की भाताच्या लावणीपुरते येतात आणि जातात. मी नळ बंद केला. ती माझ्याकडे बघत नव्हती, तिच्या आवाजात कसलाही टोमणा नव्हता. तिला उतारावर जे दिसलं ते ती आपल्या घरातून ओळखून होती, एवढंच. मी काय बोलणार? त्या मधल्यांतलीच मी एक, सगळ्यात लांब गेलेली. तिच्या हातून एकेक भांडं घेऊन मी पुसत राहिले आणि बऱ्याच वेळाने विचारलं, मग काय करायचं आत्या? तिला वाटलं मी झाडांचं विचारतेय. किंवा तिने तसं ठरवलं. "राखायची," म्हणाली. "दुसरं काय? पोर डोक्याच्या वर जाईस्तोवर राखायची. मग आपलं आपण बघतं ते."

इथे राखणारी माणसं आहेत. मी शोधायला लागले तशी भेटत गेली. उद्यानातून तर एक ॲकॉर्नही उचलून न्यायची परवानगी नाही, पण माइन्स रोडवर माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या कुटुंबाची जुनी गुरांची रांच आहे. त्यांच्या रानात त्यांचेच ब्लू ओक, त्यांचंच बी. नोव्हेंबरात आम्ही काही जणांनी तिथे ॲकॉर्न वेचले. बादलीभर पाण्यात टाकले, तरंगले ते फेकले, बुडाले ते ठेवले. बी सुकू द्यायचं नाही, लगेच पेरायचं. आडवं ठेवून, बोटाच्या दोन पेरांइतकं खोल. पहिल्या पावसावर मूळ आधी फुटतं आणि गुपचूप खाली जात राहतं, वर कोंब दिसायला वसंत उजाडतो. प्रत्येकाभोवती जाळी, हरणांसाठी उंच नळी आणि दोन-दोन हातांवरचं गवत खरवडून टाकलेलं. इथली अनुभवी मंडळी सांगतात, पाणी घालण्यापेक्षा गवत काढण्याचा उपयोग जास्त. तेही एकदा काढून भागत नाही, पहिली दोन-तीन वर्षं सतत. लेकीला पाठीवर बांधून मी खुरपं चालवलं. जमीन इतकी कठीण की तळहाताला फोड आले.

आत्या आता राजूरला आहे. तिच्या रात्री, माझ्या सकाळी व्हिडिओ कॉल होतो. आधी लेकीचं, दात आले का, बसते का. मग लगेच ओकचं. मार्चच्या शेवटी निम्म्याहून जास्त खड्ड्यांत लालसर कोंब वर आले, ते मी तिला एकेक करून फोनवर दाखवले. तिने मोजले नाहीत, कौतुकही केलं नाही. तिने मागे दिसणारी कुरणाची तार बघितली, तिच्या पलीकडे चरणाऱ्या काळ्या गाई बघितल्या आणि विचारलं, "ती तार ढिली हाय. खांब कुणाचे? गाई आत आल्या तर नळ्यांचं काय करशील?" मी सहकाऱ्याला विचारलं. तार खरंच जुनी आहे, दोन खांब कुजलेत. शनिवारी आम्ही सगळे खांब बदलायला जाणार आहोत, आणि आत्याने बजावलंय की खड्डा गुडघ्यापर्यंत झाल्याशिवाय खांब उभा करायचा नाही.